समुद्रात गेलेले पाणी वाया जाते का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर पाऊस झाला होता आणि सकाळी पाचोडची गल्हाटी नदी दुथडी भरून वाहत होती. शाळेत येणारी अर्धी मुले पुलावर पाणी बघत थांबलेली. भूगोलाचे सर त्या दिवशी रजेवर होते, म्हणून आठवीचा तास आमच्याकडे आला. आमचे विषय उर्दू आणि मराठी. तरी मुलांच्या डोक्यात पूरच होता, तेव्हा आम्हीही पुस्तक मिटवून पुरावरच बोलू लागलो.

एका मुलाने विचारले, "सर, हे एवढे सगळे पाणी शेवटी समुद्रात वाया जाते ना?" त्याच्या वडिलांची मोसंबीची बाग आहे. उन्हाळ्यात टँकरने पाणी आणून झाडे जगवावी लागतात, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. आम्ही सवयीने म्हणालो, "हो, वायाच जाते." हे वाक्य आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सभेत ऐकतो, वर्तमानपत्रात वाचतो, चहाच्या टपरीवरही ऐकतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, सगळ्या नद्यांचे गोड पाणी रोज समुद्रात जाते, मग समुद्र गोड का होत नाही?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. त्या 'उद्या'ला बरेच महिने लागले. जे वाचले, जे समजले, ते या लेखात वाचकांसमोर ठेवत आहोत. समुद्रापासून इतक्या दूर, मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचा या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे, हे आम्हालाही आधी माहीत नव्हते.

पाचोडचे पाणी कुठे जाते?

आधी वाट पाहू. पुष्कळांना वाटते की आपल्या गावाचे पाणी पैठणच्या नाथसागरात जाते. तसे नाही. गल्हाटी पूर्वेकडे अंबडच्या बाजूला वाहते आणि पैठणच्या बरीच खाली गोदावरीला मिळते. तिथून ते पाणी गंगाखेड, नांदेड करत तेलंगणात शिरते. वाटेत प्राणहिता आणि इंद्रावती या मोठ्या नद्या गोदावरीला येऊन मिळतात. पुढे भद्राचलम, मग आंध्रातले राजमहेंद्रवरम. त्याच्या खाली धवळेश्वरमला इंग्रज अभियंता आर्थर कॉटन याने १८५२ साली पुरा केलेला बंधारा आहे. तिथून नदीच्या शाखा होतात आणि यानम, अंतर्वेदी अशा ठिकाणी ती बंगालच्या उपसागराला मिळते.

त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर जन्मते, पण त्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत जाते आणि दुसऱ्याच समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातला जवळजवळ अर्धा भाग महाराष्ट्रात येतो.

म्हणजे पाचोडच्या शेतातून निघालेला थेंब वाचला, बाष्प झाला नाही, कुणी अडवला नाही, तर बंगालच्या उपसागरात पोचतो. तिथे पोचल्यावर त्याचे काय होते? खरा विषय इथून सुरू होतो.

दोन ग्लासांचा प्रयोग

वर्गात आम्ही एक प्रयोग केला. घरी मुलांना घेऊन जरूर करून पाहा, खर्च काहीच नाही.

काचेचा ग्लास घ्या. अर्ध्याहून थोडे अधिक पाणी भरा आणि त्यात तीन चमचे मीठ चांगले विरघळवा. हा झाला समुद्र. दुसऱ्या भांड्यात साधे पाणी घेऊन त्यात खाण्याचा लाल रंग टाका. ही झाली नदी. आता चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून लाल पाणी अगदी हळू ग्लासात सोडा. लाल पाणी वरच्या वर तरंगत राहील. मध्ये स्पष्ट रेघ दिसेल. वर फुंकर मारा. वरचा लाल थर हलेल, डुलेल, पण खालच्या पाण्यात सहज मिसळणार नाही.

दुसऱ्या ग्लासात मीठ न घालता हेच करा. रंग बघता बघता तळापर्यंत पसरतो.

कारण सोपे आहे. खारे पाणी जड असते आणि गोडे पाणी हलके. हलके वर राहते आणि जडाला खाली दाबून ठेवल्यासारखे होते. आमच्या एका विद्यार्थ्याने हुशारी केली आणि लाल रंगाऐवजी शरबत ओतले. ते सरळ बुडाशी जाऊन बसले, कारण साखरेमुळे ते आणखी जड झाले होते. सगळा वर्ग हसला, पण त्या चुकीतूनच मुलांना मुद्दा पक्का कळला की खेळ रंगाचा नाही, वजनाचा आहे.

बंगालच्या उपसागरात हाच प्रयोग दरवर्षी होतो, फक्त ग्लास प्रचंड मोठा आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना, म्यानमारची इरावती, ओडिशाची महानदी, आपली गोदावरी आणि कृष्णा या सगळ्या नद्या त्यात येतात. त्यांचे पाणी वर्षाला सुमारे १,६०० घन किलोमीटर भरते. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आपल्या मापाने सांगतो. आपला नाथसागर काठोकाठ भरला तर त्यात सुमारे २,९०९ दलघमी, म्हणजे १०२ टीएमसी पाणी मावते. असे साधारण साडेपाचशे नाथसागर दरवर्षी त्या उपसागरात रिकामे होतात. त्यावर पडणारा पाऊस वेगळाच. आणि यातला बहुतेक भाग पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत येतो. गोदावरीचा वाटा यात लहान आहे. मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा.

दहा परसांचे झाकण

सर्वसाधारण समुद्राच्या एक किलो पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. अरबी समुद्रात नद्या कमी येतात आणि ऊन व कोरडे वारे पाणी फार उडवतात, म्हणून तिथे हे प्रमाण ३६ ग्रॅमच्या वरही जाते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर ते ३० ग्रॅमच्याही खाली येते आणि नद्यांच्या मुखांजवळ त्याहून कितीतरी कमी असते.

या कमी खाऱ्या पाण्याचा थर किती जाड? उत्तर भागात अनेकदा दहा ते वीस मीटर. आपल्या भाषेत पाच ते दहा परस, म्हणजे गावातल्या एखाद्या विहिरीइतका. हजारो फूट खोल समुद्रावर विहिरीएवढ्या उंचीचे पातळ झाकण.

त्या झाकणाखाली आणखी एक गंमत आहे. वरच्या थराच्या खालचे पाणी खारे असते, पण बऱ्याच खोलीपर्यंत वरच्याइतकेच उबदार असते. खरे थंड पाणी त्याच्याही खाली. या मधल्या थराला शास्त्रज्ञ 'बॅरियर लेयर' म्हणतात. आपण त्याला आडपडद्याचा थर म्हणू. तो वरचे आणि खोलवरचे पाणी एकमेकांपासून दूर ठेवतो. वारा सुटला, लाटा उसळल्या, तरी खालचे थंड पाणी सहजासहजी वर येऊ शकत नाही.

कुरआनच्या सूरह फुरकान आणि सूरह रहमानमध्ये दोन समुद्रांचा आणि त्यांमधल्या आडपडद्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. त्याचा अर्थ मुफस्सिरांनी आपापल्या परीने सांगितला आहे. प्रत्येक नव्या शोधाला ओढून-ताणून आयतीशी जोडावे, असे आम्हाला वाटत नाही. पण जो ही आयत वाचतो, त्याने नदीच्या मुखाशी नेमके काय घडते ते जाणून घ्यायला नको का? निरीक्षण करा, विचार करा, ही हाक तर आपल्यालाच आहे.

मग आपल्या पावसाशी संबंध कसा?

परातीत पाणी ओतून उन्हात ठेवा आणि शेजारी रांजण भरून ठेवा. परातीतले पाणी तासाभरात कोमट होते, रांजणातले दिवसभर गार राहते. पातळ थर लवकर तापतो. बंगालच्या उपसागरावरचा तो गोड्या पाण्याचा थर म्हणजे परात. वरून ऊन तापवते, खालून थंड पाणी येत नाही. त्यामुळे ऐन पावसाळ्यातही, ढग असले तरी, उपसागराचा पृष्ठभाग बहुतेक २८ अंश सेल्सियसच्या वर राहतो.

२८ हा आकडा महत्त्वाचा आहे. समुद्राचा पृष्ठभाग साधारण इतका गरम असेल, तर त्यावर उंचच उंच पावसाळी ढग उभे राहू शकतात आणि कमी दाबाचे पट्टे तयार होतात.

अरबी समुद्रात उलट घडते. मे महिन्यात तोही ३० अंशांच्या आसपास तापलेला असतो. पण जूनमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून जोरदार नैऋत्य वारे सुटतात. ते समुद्र ढवळतात, वरचे गरम पाणी खोलवर मिसळवतात आणि सोमालिया, ओमान व केरळच्या किनाऱ्यांजवळ खालचे थंड पाणी वर ओढून आणतात. तिथे गोड्या पाण्याचे झाकण नाही, म्हणून ढवळणे सोपे जाते. ऑगस्टपर्यंत मध्य अरबी समुद्र दोन-तीन अंशांनी उतरतो, सोमालियाजवळ त्याहूनही जास्त.

दोन शेजारी समुद्र, एकच ऊन, एकच मोसम, पण एक थंड होतो आणि दुसरा गरम राहतो. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथल्या शेणॉय, शंकर आणि शेटये या शास्त्रज्ञांनी २००२ साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला. अरबी समुद्रावर वारे जोराचे आहेत आणि बंगालच्या उपसागरावर त्या मानाने मंद. उपसागरात वर गोडे पाणी आहे. या दोन गोष्टींमुळे त्याची उष्णता वरच्या थरातच टिकते, हे त्यांनी दाखवले. पाऊस पडतो, त्याने नद्या भरतात, नद्या झाकण टिकवतात, झाकण उष्णता राखते, उष्णता पुन्हा पाऊस घडवते. असे हे चक्र आहे.

आता मराठवाड्याचे बघू. अरबी समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात. कोकणात धो धो पाऊस आणि आपल्याकडे कोरडे वारे, हा अनुभव प्रत्येक जून-जुलैचा. आपल्या विहिरींना खरे पाणी लागते, ते बऱ्याचदा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पश्चिमेकडे सरकतो तेव्हा. रेडिओवर "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र" असे शब्द आले की आमच्या गावातला म्हातारा शेतकरीही कान देतो. त्याला बॅरियर लेयर माहीत नाही, पण पाऊस कुठून येतो ते माहीत आहे.

गुलाब आणि शाहीन

हीच निअमत कधी आपत्तीही होते. सप्टेंबर २०२१ आठवा. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठले. पाकिस्तानने सुचवलेले 'गुलाब' हे नाव त्याच्या वाट्याला आले. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. वादळ म्हणून ते विरले, पण त्याचा ढगांचा भार तेलंगणावरून मराठवाड्यावर आला. २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात, कापसाची बोंडे काळी पडलेली, मोसंबीची फळगळ, वाहून गेलेले बांध. ते दिवस इथले कुणीच विसरलेले नाही. तोच भार पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात गेला, पुन्हा जोर धरला, 'शाहीन' या नव्या नावाने उभा राहिला आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकला. एका आठवड्यात आंध्र ते ओमान, मधल्या वाटेत आपण.

मोकळ्या समुद्रात वादळ आले की ते पाणी घुसळते, खालचे थंड पाणी वर येते आणि वादळाचा जोर थोडा मोडतो. म्हणजे वादळ आपला विस्तव आपणच विझवते. जिथे गोड्या पाण्याचे झाकण आणि त्याखाली उबदार थर असतो, तिथे घुसळूनही गरम पाणीच वर येते. विस्तव पेटता राहतो. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नद्यांचे पाणी पसरलेले असताना, बंगालच्या उपसागरातील वादळांचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञांना पाण्याचे तापमान पाहून भागत नाही. खारटपणाही मोजावा लागतो.

मौसम, मोसम, मान्सून

भाषेच्या शिक्षकाला इथे थोडे थांबल्याशिवाय राहवत नाही. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. उर्दूने तो 'मौसम' केला, मराठीने 'मोसम', पोर्तुगीज व डच खलाशांच्या तोंडून तो युरोपात गेला आणि 'मान्सून' होऊन आपल्याकडे परत आला. आमच्या पाचोडच्या बाजारात ज्या फळाचे ढीग लागतात, त्या मोसंबीचे नाव मात्र मोसमावरून नाही. ते आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आले, असे मानतात. पण त्या किनाऱ्याशी आपल्याला जोडणारे वारे तेच.

हे वारे सहा महिने एकीकडे आणि सहा महिने दुसरीकडे वाहतात, आणि त्यांच्याबरोबर समुद्राचे प्रवाहही उलटतात. जगातल्या बाकीच्या महासागरांत मोठे प्रवाह वर्षभर साधारण एकाच दिशेने जातात. उत्तर हिंदी महासागरात ते दिशा बदलतात. ही गोष्ट अरब-फारसी भूगोलकारांनी फार आधी टिपली होती. नवव्या शतकातल्या इब्न खुर्दाजबिहने लिहून ठेवले आहे की हा समुद्र उन्हाळ्यात ईशान्येकडे आणि हिवाळ्यात नैऋत्येकडे वाहतो. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध नाखुदा अहमद इब्न माजिद याने तर कोणत्या बंदरातून कधी निघावे याची बारीक माहिती दिली. हिजरी महिने ऋतूंतून फिरत राहतात, पण वारा सूर्याचा हिशेब पाळतो. म्हणून ते नाखुदे प्रवासाची वेळ नौरोजपासून दिवस मोजून ठरवत. सुरतेहून शिडाच्या जहाजाने हजला निघणाऱ्यांना याच वाऱ्यांची वाट पाहावी लागे.

आपला तालुकाही या वाऱ्यांच्या व्यापारात होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासपोथीत पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे.

समुद्रातली नदी

आता आपल्या थेंबाकडे परत येऊ. पावसाळा सरला की भारताच्या पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तो नद्यांचे गोडे पाणी किनाऱ्याला चिकटून खाली नेतो. आंध्रावरून तमिळनाडूकडे, मग श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहत असतो. तो हे कमी खारे पाणी केरळ, कर्नाटकच्या बाजूने वर आणतो.

म्हणजे ज्या गोदावरीने जन्मतः अरबी समुद्राकडे पाठ फिरवली, तिच्या पाण्याचा काही अंश अख्ख्या दक्षिण भारताला फेरी मारून अरबी समुद्रातच येतो! तिथे लक्षद्वीपच्या आसपास हे पाणी पुन्हा पातळ झाकण बनते आणि एप्रिल-मेमध्ये तो भाग ३० अंशांच्या वर तापायला मदत करते. केरळात मान्सून दाखल होण्याच्या आधी समुद्राचा हाच तुकडा सर्वात गरम भागांपैकी एक असतो.

किनाऱ्यालगतचा हा गोड्या पाण्याचा पट्टा कसा सापडला, ते आम्हाला सर्वात जास्त आवडले. २००५ पासून पूर्व किनाऱ्यावरच्या आठ ठिकाणी कोळी बांधवांनी दर पाच दिवसांनी गुडघाभर पाण्यात उतरून बाटलीत समुद्राचे पाणी भरले आणि शास्त्रज्ञांना दिले. वर्षानुवर्षे. त्या बाटल्यांतला खारटपणा मोजून २०१४ साली भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले की पावसाळ्यानंतर किनाऱ्यालगत सुमारे शंभर किलोमीटर रुंदीची 'समुद्रातली नदी' दक्षिणेकडे वाहते. मोठमोठी जहाजे आणि उपग्रह असतात, पण अगदी किनाऱ्यालगतची ही नोंद साध्या माणसांच्या नियमितपणामुळे मिळाली. इल्म फक्त प्रयोगशाळेत नसते, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आमच्याकडे नाही.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

समुद्र गोड का होत नाही? आता सांगता येते. एक, ऊन समुद्रातून फक्त शुद्ध पाणी उचलते, मीठ मागेच राहते. नदी जेवढे गोडे पाणी आणते, तेवढेच कधी तरी ढग होऊन निघून जाते. दोन, वारे आणि प्रवाह मीठ परत आणून देतात. उन्हाळी मान्सूनचा प्रवाह श्रीलंकेच्या दक्षिणेकडून अरबी समुद्राचे खारे, जड पाणी बंगालच्या उपसागरात ढकलतो. ते गोड्या थराखाली सरकते आणि हळूहळू वरच्या पाण्यात मिसळते. झाकण दरवर्षी बनते आणि दरवर्षी विरते.

मग 'वाया' कशाला म्हणायचे?

इथे आम्हाला जपून बोलायचे आहे. आम्ही मराठवाड्याचे आहोत. वरच्या धरणांतून जायकवाडीला हक्काचे पाणी मिळावे म्हणून आपल्याला किती भांडावे लागते, ते आम्हाला माहीत आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेल्या या धरणाने हजारो घरांत भाकरी आणली. शहराला पाणी पाजले. शेततळे असो, बंधारा असो, विहीर पुनर्भरण असो, पावसाचा थेंब शिवारात जिरवलाच पाहिजे. एकट्या गल्हाटीचे पाणी अडवल्याने बंगालचा उपसागर बदलणार नाही.

पण सगळ्याच नद्यांचे पाणी "समुद्रात वाया जाते, ते वळवा" असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा प्रश्न एका गावाचा राहत नाही. २०२३ साली आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांचा सहभाग असलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नद्या मोठ्या प्रमाणावर जोडून पाणी वळवले, तर जमिनीच्या ओलाव्यात होणाऱ्या बदलांमुळे देशाच्या काही आधीच कोरड्या भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे त्यात आढळले. हा हिशेब फक्त जमिनीचा. समुद्रावरच्या झाकणाचा हिशेब त्यात धरलेला नाही.

मुखाकडे काय चालले आहे तेही पाहा. धरणांत गाळ अडकतो, त्यामुळे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात किनारा खचत आहे, तिथल्या जमिनी व खारफुटी समुद्र गिळतो आहे. पुराचे लाल पाणी आले की समुद्रातून नदीत चढणारा पुलसा मासा यानमच्या बाजारात हजारो रुपयांना जातो. त्या कोळ्यांच्या दृष्टीने पूर म्हणजे वाया गेलेले पाणी नाही, ते त्यांचे वर्षाचे उत्पन्न आहे.

आमच्या मते वाया पाणी ते, जे शाळेच्या गळक्या तोटीतून रात्रभर ठिबकते. वाया ते, जे मोसंबीला गरज नसताना दांडाने सोडले जाते. वाया ते, जे वुजू करताना नळ पूर्ण उघडा ठेवून आपण गटारीत सोडतो. इसराफ आपल्या हातून होतो. नदीच्या हातून होत नाही.

पुढच्या तासाला आम्ही त्या दोन्ही मुलांना पुढे बोलावून ग्लासाचा प्रयोग त्यांच्याच हातून करवला. मग फळ्यावर भारताचा नकाशा काढून पाचोडपासून खडूची रेघ ओढली. नांदेड, राजमहेंद्रवरम, यानम, श्रीलंका, लक्षद्वीप. मोसंबीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा बराच वेळ त्या रेघेकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, मग आपलेच पाणी आपल्याकडे परत येते?"

आम्ही म्हणालो, "तेच थेंब येतात असे कुणी सांगू शकणार नाही. पण ते गेले नाहीत, तर येणाऱ्यांची वाट अवघड होते."

त्याने वहीत लिहून घेतले. घरी गेल्यावर अब्बूंना दाखवतो म्हणाला.